एकेचाळीस पानांचा आल्प्स प्लॅन आणि बंद घाट

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधी सांगून टाकते: पाचपैकी दोन तारे. एक व्हिसाच्या यादीला, एक हॉटेलांना. रस्त्याला शून्य, आणि प्लॅन तर रस्त्याचाच होता.

झालं असं की आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून लेकीनं आणि जावयांनी पुण्याच्या एका ट्रॅव्हल कंपनीकडून ‘आल्प्स विंटर सेल्फ-ड्राइव्ह’ असा प्लॅन विकत घेतला. विमान, हॉटेल, गाडीभाडं सगळं वेगळं. नुसता प्लॅन अठरा हजारांचा. स्वित्झर्लंडमध्ये झुरिचला उतरायचं, गाडी घ्यायची, आल्प्स ओलांडत झरमॅट या स्कीच्या गावी जायचं, पोरांनी चार दिवस स्कीइंग करायचं, आम्ही मॅटरहॉर्न शिखराकडं बघत चहा प्यायचा, मग इटलीच्या बाजूला उतरून परत झुरिच. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. पोरं नवीन आहेत, धंदा करू देत. पण पुढच्याचे अठरा हजार वाचावेत म्हणून लिहिते आहे.

आता मी कोण सांगणारी? मी बावीस वर्षं साताऱ्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. गोडोलीत ऑफिस, दोन गाड्या. शिकणाऱ्याला शेवटच्या चार दिवसांत यवतेश्वरच्या घाटात नेल्याशिवाय मी सोडत नाही, मग तो कितीही म्हणू दे की मॅडम मला फक्त पोवई नाक्यापर्यंतच चालवायचीय. पावसाळ्यात कासच्या रस्त्यावर धुकं उतरलं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. तिथं ज्याचा हात थरथरत नाही तो माझा विद्यार्थी. तेव्हा बर्फात मी कधी गाडी चालवली नव्हती हे खरं, पण घाट मला कळतो.

प्लॅनची पीडीएफ आली. एकेचाळीस पानं, त्यात मॅटरहॉर्नचेच चौदा फोटो. मी मोजले, कारण लेक म्हणाली, “आई, बघ ना किती डिटेल आहे!” आमच्या ह्यांनी ती प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग करून आणली. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी चष्मा लावून बसले, आणि दुसऱ्या दिवसाच्या पानावरच अडकले.

दिवस दुसरा: झुरिच, आंडरमाट, फुर्का खिंड (फोटो थांबा, ३० मिनिटं), ब्रिग, झरमॅट. खाली छोट्या अक्षरात उंची दिली होती, २,४२९ मीटर. आपलं महाबळेश्वर साडेतेराशे मीटर. तिथं थंडीत एखाद्या पहाटे वेण्णा तलावाच्या काठाला दव गोठतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, हिमकण म्हणून. मग महाबळेश्वरच्या पावणेदोन पट उंचीवर, तेही युरोपात, जानेवारीच्या शेवटी, रस्त्यावर काय असेल याला काही डोकं लागतं का? आंबेनळीत दरड आली की पंधरा-पंधरा दिवस घाट बंद ठेवतात. तिकडचे घाट बर्फात काय उघडे ठेवत असतील?

लेकीनं शोधलं. फुर्का खिंड हिवाळा सुरू होताना बंद होते ती थेट मे-जूनच्या सुमारास उघडते. जानेवारीत तिथं जायचं तर पायाला स्की बांधून.

मी कंपनीला फोन लावला. पलीकडून एक गोड आवाजाची मुलगी.

“मॅडम, मॅपमध्ये रूट व्यवस्थित दाखवतोय.”

“बाळा, मॅप कधी बघितलास?”

“प्लॅन सप्टेंबरमध्ये बनवलाय मॅडम.”

सप्टेंबरात खिंड उघडी असते. मॅप त्या दिवशीचा रस्ता दाखवतो, तुम्ही जाणार त्या दिवशीचा नाही. एवढं साधं. मी तिला म्हटलं की हे बदलून द्या. ती म्हणाली, “मॅडम, तिकडं रस्ते खूप चांगले असतात, आपल्यासारखं नसतं.” यावर काय बोलणार? रस्ता चांगला असणं आणि रस्ता दिसणं यातला फरक तिनं कधी पाहिलेलाच नव्हता, आणि यात तिचाही दोष नाही. टेबलावर बसून तिला दिवसाला सहा प्लॅन करायला लावत असतील.

मग मी ती स्पायरल वही बाजूला ठेवली आणि क्लासच्या हजेरीवहीच्या मागच्या पानांवर स्वतःचा प्लॅन करायला घेतला. आठ रात्री गेल्या. खोटं कशाला बोलू, मजा आली.

पहिली गोष्ट कळली ती ही, की आल्प्समधल्या खिंडींच्या दोन जाती आहेत. फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन, गॉटहार्डचा वरचा जुना रस्ता, ग्रेट सेंट बर्नार्डची खिंड, या हिवाळ्यात बंद. सिम्प्लॉन, युलियर, बर्निना या मात्र बर्फ काढून उघड्या ठेवतात. वादळ आलं तर तेवढ्यापुरत्या बंद. दिसायला नकाशावर सगळ्या सारख्याच पिवळ्या रेषा. ज्या बंद असतात त्यांतल्या काहींच्या खालून बोगदा आहे. ग्रेट सेंट बर्नार्डखालून १९६४ पासून रस्त्याचा बोगदा आहे. गॉटहार्डचा १९८० पासून. आणि काही ठिकाणी रस्त्याचा बोगदाच नाही, रेल्वेचा आहे, आणि त्या रेल्वेवर तुमची गाडी चढवून पलीकडं नेतात! फुर्काखालीही अशी सोय १९८२ पासून आहे, रेआल्प ते ओबरवाल्ड. म्हणजे कंपनीनं ‘फुर्का खिंड’ऐवजी ‘रेआल्पला गाडी रेल्वेवर चढवा’ एवढं लिहिलं असतं तरी त्यांचा दुसरा दिवस वाचला असता. फोटो थांबा तेवढा गेला असता.

दुसरी चूक त्याहून मजेशीर. झरमॅटच्या हॉटेलपुढं ‘पार्किंग: मोफत’ असं लिहिलं होतं. झरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या खाजगी गाड्यांना प्रवेशच नाही. गावात छोट्या विजेच्या गाड्या आणि पायी. बाहेरच्यांनी गाडी पाच किलोमीटर अलीकडं टेश गावात लावायची आणि तिथून बारा मिनिटांच्या रेल्वेनं वर जायचं. म्हणजे पार्किंग मोफत म्हणजे काय, पार्किंगच नाही! हॉटेल मात्र छान निवडलं होतं, स्वच्छ, छोटं स्वयंपाकघर असलेलं, स्टेशनपासून चालत. तो एक तारा त्याचाच. व्हिसाची यादीही चोख: विम्याचं कवच ३०,००० युरोंपेक्षा कमी नको इथपासून सगळं. ते काम ज्यानं केलं त्यानं मन लावून केलं होतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात खटकली. एकेचाळीस पानांत टायर हा शब्द नाही. ‘विंटर-रेडी कार’ असा एक शब्द होता, बस्स. अहो, टायरवर तर सगळं आहे! सात अंश सेल्सियसच्या खाली साधा उन्हाळी टायर कडक पडायला लागतो, पकड जाते. थंडीच्या टायरचं रबर मऊ राहतं. खरा थंडीचा टायर ओळखायचा तर बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण शोधायची. कायदा देशागणिक वेगळा. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बर्फाळ रस्त्यावर असे टायर सक्तीचे. इटलीत पाटी लावलेल्या रस्त्यांवर १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल थंडीचे टायर, नाहीतर गाडीत बर्फात चाकांना बांधायची साखळी, म्हणजे चेन, हवीच. स्वित्झर्लंडमध्ये तशी सरसकट सक्ती नाही, पण उन्हाळी टायरवर घसरून रस्ता अडवलात किंवा कुणाला ठोकलंत तर तुमचीच जबाबदारी धरतात. आम्ही दोन देशांतून जाणार, म्हणजे दोन नियम. हे प्लॅनमध्ये नको?

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. शुल्क १,००० रुपये, वर्षभर चालतो. काउंटरवरचे साहेब ओळखीचे. म्हणाले, “मॅडम, तुम्ही बर्फात? पोरांना शिकवायचं सोडून?” मी म्हटलं, शिकायलाच चालले आहे.

झुरिचच्या विमानतळावर गाडी घेतली. तिथल्या गाडीवर हायवेचा पास आधीच असतो. स्वित्झर्लंडमध्ये तो वर्षाचाच मिळतो, ४० फ्रँकला, दहा दिवसांचा वगैरे प्रकार नाही. म्हणून गाडी तिथूनच घेतलेली बरी. टायरवर डोंगर-हिमकण आहे का ते मी वाकून चारही चाकांवर पाहिलं. मग चेनची पिशवी मागितली, भाडं भरलं, पिशवी डिकीत टाकणार तेवढ्यात सवयीनं चिठ्ठी वाचली. पिशवीवर टायरचं माप २१५/६५ आणि आमच्या टायरवर २०५/५५. मी परत गेले. काउंटरवरच्या मुलानं आधी खांदे उडवले, मग टायर बघून आला आणि मुकाट्यानं दुसरी पिशवी दिली. वर खिंडीत, अंधारात, हात गारठलेले असताना ती पिशवी उघडली असती तर काय झालं असतं? चुकीच्या मापाची चेन म्हणजे गळ्यात बांधायला दिलेला पट्टा कमरेला बांधणं. बसत नाही, आणि जबरदस्तीनं बसवली तर निसटून मडगार्ड फाडते. हे भाड्याच्या कंपनीचं काम होतं, पण प्लॅनवाल्यांनी ‘माप तपासा’ एवढी एक ओळ लिहायला हवी होती.

पहिल्याच रात्री झुरिचजवळच्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये मी आणि जावयांनी चेन लावायची तालीम केली. कोरड्या फरशीवर, दिव्याखाली. पहिल्यांदा पस्तीस मिनिटं लागली, दुसऱ्यांदा बारा. आमचे हे खिडकीतून बघत होते. म्हणाले, उसाच्या फडात ट्रॅक्टर रुतला की आपण चाकाखाली पाचट घालतो, तसलंच की हे. तसलंच.

सकाळी काचेवर बर्फाचा थर. मी डिकीतली खरवडणी शोधते तोवर हे खोलीतून किटली भरून कढत पाणी घेऊन आले! मी ओरडले म्हणून थांबले, नाहीतर गार काचेवर कढत पाणी म्हणजे काच तडकायचीच. मग खरवडणीनं पुढची, मागची, बाजूच्या सगळ्या काचा, दिवे, टपावरचा बर्फसुद्धा काढला. टपावरचा बर्फ राहिला तर ब्रेक मारल्यावर तो पुढच्या काचेवर येतो, नाहीतर मागच्याच्या गाडीवर. समोर फक्त एक वाटोळं भोक पाडून निघालात तर तिथले पोलीस दंड करतात. काच धुवायच्या टाकीत साधं पाणी चालत नाही, न गोठणारं द्रव घालावं लागतं. ते भाड्याच्या गाडीत होतं, मी बोनेट उघडून बघितलं.

गाडी डाव्या हाताची. ऑटोमॅटिक मुद्दाम घेतली, कारण उजव्या हातानं गिअर आणि उजवीकडचा रस्ता असं दोन्ही एकदम नको. तरी पहिल्या वीस किलोमीटरमध्ये प्रत्येक वळणावर इंडिकेटर द्यायला गेले की वायपर चालू. आपल्या गाडीत इंडिकेटरची कांडी उजवीकडं, तिथं डावीकडं. लेक मागं बसून हसत होती. मी माझ्या किती विद्यार्थिनींना यावरून रागावले आहे, सगळ्या आठवल्या.

झुरिच ते टेश साधारण साताऱ्याहून मुंबई एवढंच अंतर. बर्नपर्यंत हायवे, मग स्पीत्सवरून कांडरश्टेग, आणि तिथं या सगळ्या प्रवासातली मला सर्वांत आवडलेली सेवा: लॉचबर्गची गाड्या वाहणारी रेल्वे. हिला पाच तारे, हवं तर सहा.

कांडरश्टेगला टोलनाक्यासारखं काउंटर. पैसे भरले की लेनचा नंबर. आगगाडी येते, लांबलचक, छप्पर असलेल्या सपाट डब्यांची, आणि तुम्ही शेवटच्या डब्यातून आत शिरून डब्यामागून डबे ओलांडत पुढं जायचं, पुढच्या गाडीच्या शेपटाला जाऊन थांबायचं. दोन्ही बाजूला कठडा, हातभर जागा. मी जन्मात एवढी जपून गाडी चालवली नव्हती, आणि ती रेल्वेवर! थांबलं की पार्किंगमध्ये टाकायची, हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद, दिवे बंद, काचा वर, आणि गाडीतच बसून राहायचं. मग आगगाडी हलते. तुम्ही स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर, आणि गाडी आपोआप डुलत चालली आहे. बोगद्यात शिरल्यावर मिट्ट काळोख. आमचे हे म्हणाले, “तू ब्रेक कशाला दाबतेस?” मी दाबतच होते. बावीस वर्षांची शेजारच्या सीटवरची सवय. पंधरा मिनिटांनी पलीकडं गोपनश्टाइनला उजेड, आणि डोंगराची दुसरी बाजू.

हा बोगदा १४.६ किलोमीटरचा, १९१३ साली सुरू झाला. खणायला घेतला तेव्हा सरळ जाणार होता. १९०८ च्या जुलैत वरच्या दरीतला गाळ आणि पाणी आत फुटलं, २५ मजूर गाडले गेले. मग ती जागा भिंत घालून सोडून दिली आणि बोगदा वळसा घालून नेला. काळोखात बसल्या बसल्या जावई हे फोनवरून वाचून दाखवत होते. कुठंतरी त्या वळशावरून आपण आत्ता जातोय, हे ऐकून गाडीत सगळे गप्प झाले. वळण मात्र काही कळलं नाही.

टेश महाबळेश्वरहून जरासंच उंच, साडेचौदाशे मीटर. गाडी तिथल्या मोठ्या झाकलेल्या पार्किंगमध्ये लावली. झाकलेलं हे महत्त्वाचं, नाहीतर चार दिवसांनी गाडी बर्फातून उकरावी लागते. बॅगा ढकलत रेल्वेत चढवता येतात, पायरी नाही. प्लॅनमध्ये आम्हाला संध्याकाळी सात वाजता ‘हॉटेलच्या दारात’ पोचायचं लिहिलं होतं. साडेपाचला अंधार पडतो. माझ्या वहीप्रमाणं आम्ही अडीचला पोचलो.

झरमॅटबद्दल थोडक्यात, कारण ते सगळे लिहितात. पोरं स्कीवर. मी एक दिवस शिकवणी लावली: पाय पुढून जवळ, मागून लांब, नांगरासारखे, म्हणजे वेग कमी होतो. शिकवणारा मुलगा विशीतला. मला म्हणाला, खाली पायांकडं बघू नका, जायचंय तिकडं बघा. हे वाक्य मी रोज पन्नास वेळा म्हणते. तरी मी पायांकडंच बघत होते आणि तीनदा बसले. १८९८ पासून चालू असलेल्या रुळांमधल्या दात्यांवर चढणाऱ्या रेल्वेनं आम्ही दोघं गोर्नरग्राटला गेलो, ३,०८९ मीटर. तिथं आमच्या ह्यांनी पिशवीतून कंदी पेढे काढले. गोठून दगड झाले होते. चघळत बसलो, समोर मॅटरहॉर्न.

आता परतीचं. प्लॅनमध्ये शनिवारी निघायचं होतं, मधे एकही मोकळा दिवस नाही. शनिवारी स्की गावांतली निम्मी हॉटेलं रिकामी होतात आणि निम्मी भरतात, सगळ्या युरोपच्या गाड्या एकाच दिवशी त्याच दरीत. म्हणून मी निघणं मंगळवारी ठेवलं आणि बुधवार मोकळा. लेक म्हणाली होती, आई, एक दिवस फुकट जाईल. मंगळवारी पहाटे चारपासून बर्फ. तिथं १६३ नंबर फिरवला की रस्त्यांची स्थिती सांगतात, आमची इटलीकडची सिम्प्लॉन खिंड बंद. आम्ही हॉटेलात खिचडी केली.

बुधवारी उघडली. ब्रिगच्या वर चढायला लागलो तर निळी गोल पाटी, त्यात चेन घातलेलं टायर. म्हणजे चेन सक्तीची. बाजूला चेन लावायला रुंद जागा केलेली आहे, तिथं आठ-दहा गाड्या. आमच्या पुढची मोठी जर्मन गाडी, पाच लाखांचं स्की सामान टपावर, आणि दोन गडी पुस्तिका उघडून वाचताहेत. मी पायाखालचं रबरी फूटमॅट काढून बर्फावर टाकलं, त्यावर गुडघे टेकले. चेन पुढच्या चाकांना, कारण गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. मागून हात घालून कडी वर अडकवायची, पुढची कडी लावायची, रंगीत साखळी ओवून ताणायची. हातमोजे काढल्याशिवाय कडी लागत नाही, आणि काढले की दोन मिनिटांत बोटं आपली राहत नाहीत. आमचे हे टॉर्च धरून “डावीकडं, डावीकडं” करत होते. सकाळचे दहा वाजले होते, टॉर्चची गरज नव्हती, पण माणसाला काहीतरी धरायला लागतं. अकरा मिनिटं. शे-दीडशे मीटर पुढं जाऊन थांबून पुन्हा ताणली, कारण चाक फिरल्यावर ती सैल पडतेच. मग ताशी पन्नासच्या आत.

सिम्प्लॉन २,००५ मीटर. नेपोलियननं तोफा न्यायला बांधून घेतलेला रस्ता, १८०५ साली पुरा झाला. आता रुंद आहे, हिमकड्यांपासून वाचवायला जागोजागी काँक्रीटची छतं घातली आहेत. १९८० चा गांटर पूल येतो तिथं दरी दीडशे मीटर खाली आणि पूल इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला. चढताना मागून तीन सुरांचा हॉर्न ऐकू आला. पिवळी पोस्टाची बस! डोंगरी रस्त्यावर तिला वाट द्यायची, ड्रायव्हर सांगेल तसं करायचं, हा तिथला नियम. मी रुंद जागा बघून बाजूला घेतली, तो हात वर करून गेला. आपल्या एसटीच्या ड्रायव्हरला केळघर घाटात द्यावी तशीच.

उतरताना मी शिकवते तेच केलं: ज्या गिअरमध्ये चढलो त्यातच उतरायचं. ऑटोमॅटिकमध्येही खालचा गिअर हातानं टाकता येतो. ब्रेकवर पाय नुसता ठेवलेला. जावई शेजारी बसले होते, गोंडोच्या अलीकडं म्हणाले, “आई, पुण्यात परत गेल्यावर मला चार क्लास द्या.” खाली रस्ता काळा, ओला दिसल्यावर लगेच चेन काढली, डांबरावर चेन चालवली तर रस्ताही खराब आणि चेनही.

इटलीचा भाग पटकन संपला. दोमोदोसोला, मग सरोवराच्या काठानं परत स्वित्झर्लंडमध्ये लोकार्नो, उबदार ऊन, एक मुक्काम. भाड्याच्या कागदावर इटलीला न्यायची परवानगी लिहून घेतली होती, कुणी विचारली नाही.

शेवटचा दिवस गॉटहार्ड. प्लॅनमध्ये ‘गॉटहार्ड खिंड, २,१०६ मीटर, माथ्यावर कॉफी’. माथा अर्थातच बंद. खालचा बोगदा १६.९ किलोमीटर, एकाच नळीत जाणारी आणि येणारी वाहनं समोरासमोर. दुसरी नळी सध्या खणत आहेत. २००१ च्या ऑक्टोबरात आत दोन ट्रक धडकून आग लागली, ११ माणसं गेली, तेव्हापासून ट्रक अंतर ठेवून मोजून आत सोडतात. मी रेडिओ तिथल्या वाहतुकीच्या स्टेशनवर लावला आणि पुढच्या गाडीपासून लांब राहिले. आत शिरल्या शिरल्या समोरची काच पांढरी! बाहेर गार, आत उबदार दमट हवा, काचेवर एकदम वाफ. धुकं आत आहे की काचेवर, हे कळायलाच दोन सेकंद गेले. हे कुणी सांगितलं नव्हतं, माझ्या वहीतही नव्हतं. वायपर आणि गरम हवा काचेवर. यावेळी वायपरची कांडी बरोबर सापडली. पलीकडं गोशेननला बाहेर आलो तर ऊन गायब, दाट बर्फ पडत होता.

साताऱ्यात आल्यावर मी कंपनीला चूकभूल लिहून पाठवली, पान क्रमांकासह, आणि अठरातले नऊ हजार परत मागितले. आठ दिवसांनी त्याच गोड आवाजाचा फोन आला. पैसे परत देता येत नाहीत, पण पुढच्या ट्रिपवर नऊ हजारांची सूट देतो, नवीन प्लॅन काढलाय, ‘विंटर लडाख सेल्फ-ड्राइव्ह’, जानेवारीत.

मी विचारलं, “कुठल्या रस्त्यानं, बाळा?”

“मनाली-लेह, मॅडम. बारालाचा खिंडीत फोटो थांबा आहे.”